डेट्रॉइटने स्मोल्ट्झ विकला: भाव बरोबर लागला का?

डगआऊटमधला

ऑल-स्टारच्या (हंगामाच्या मध्यावरच्या) सुट्टीत आपल्या लीगमधल्या डेट्रॉइटने दोन ट्रेड, म्हणजे खेळाडूंच्या अदलाबदली, केले आणि तेव्हापासून ग्रुपवर दुसरा विषय नाही. तिथे शंभर मेसेजांत मुद्दा वाहून जातो, म्हणून इथे सविस्तर लिहितो.

नवीन मंडळींसाठी आधी थोडक्यात. आपण स्ट्रॅट-ओ-मॅटिक खेळतो. १९६१ पासून चालत आलेला फासे आणि कार्डांचा बेसबॉल, फक्त फासे कॉम्प्युटर टाकतो. १९८७ च्या ओपनिंग डेला जो खेळाडू ज्या संघाकडे होता तो त्याचा, फार्ममधली (खालच्या लीगमध्ये तयार होणारी) पोरंसुद्धा. २६ संघ, त्यातले १४ आपण चालवतो, बाकीचे मशीनकडे. वर्षाला एक हंगाम. खेळाडूने त्या वर्षी खरोखर जे केलं तेच त्याच्या कार्डावर, आणि पुढच्या वर्षी १९८८ ची कार्डं. थोडक्यात, कोण हॉल ऑफ फेममध्ये जाणार आणि कोण दोन वर्षांत घरी बसणार हे इथे प्रत्येकाला पाठ आहे.

पहिला ट्रेड: जॉन स्मोल्ट्झ ह्यूस्टनला, नोलन रायन डेट्रॉइटला.
दुसरा: ख्रिस हॉइल्स क्लीव्हलंडला, ब्रुक जेकोबी डेट्रॉइटला.

स्मोल्ट्झ हा पिचर (चेंडू टाकणारा) म्हणजे पुढचे २१३ विजय, १५४ सेव्ह (आघाडी राखून संपवलेले सामने), १९९६ चा साय यंग, म्हणजे लीगमधल्या सर्वोत्तम पिचरचा किताब. वय २०. रायनचं वय ४०. खऱ्या डेट्रॉइटने १२ ऑगस्ट १९८७ ला हेच पोर डॉयल अलेक्झांडर या अनुभवी पिचरसाठी अटलांटाला दिलं, तेव्हा त्यांना पुढचं दिसत नव्हतं. आपल्याकडे डेट्रॉइट चालवणाऱ्या नोव्हीकरांना दिसत होतं. तरी दिलं!

रायनचं निदान कारण तरी सांगता येईल. जेकोबीचं मला अजिबात सापडत नाही. डेट्रॉइटच्या त्या वर्षीच्या फलंदाजांनी खरोखर २२५ होमर (थेट कुंपणापलीकडे मारलेले फटके) मारलेत, ८९६ रन काढलेत. पंगतीत आधीच जिलेबीचं ताट भरलंय आणि हे आणखी पाक ओततायत. तेही हॉइल्स देऊन, जो १९९३ मध्ये .३१० सरासरी आणि २९ होमरचं कार्ड आणणार आहे. कॅचर, म्हणजे यष्टिरक्षक, असून!

शुगरलँडकर (ह्यूस्टन)

घेणारा मीच, त्यामुळे माझं मत धरू नका. पण रायन मी आनंदाने दिलेला नाही. ८-१६ (आठ जिंकले, सोळा हरले) रेकॉर्ड बघून हसणाऱ्यांनी कार्ड उलटून बघावं. त्या वर्षी नॅशनल लीगमध्ये सगळ्यात कमी ईआरए (दर नऊ डावांमागे पिचरच्या खात्यावर लागलेले रन) त्याचा, २.७६. सगळ्यात जास्त स्ट्राइकआऊट (तीन स्ट्राइकवर बाद केलेले फलंदाज) त्याचे, २७०. मागच्यांनी रन काढले नाहीत म्हणून सोळा हरला. कार्डाला हार-जीत कळत नाही.

मिसिसागाची_सून (टोरांटो)

मी सध्या तीन सामन्यांनी पुढे आहे, त्यामुळे हा ट्रेड माझ्याच नरड्यावर आहे. तरी सांगते, नोव्हीकरांनी बरोबर केलं.

त्यांचं रोटेशन, म्हणजे पाळीपाळीने सामना सुरू करणारे पाच पिचर, ईआरएसकट बघा. मॉरिस ३.३८, टनाना ३.९१, टेरेल ४.०५, इथवर ठीक. चौथा रॉबिन्सन ५.३७, पाचवा पेट्री ५.६१. दर पाच दिवसांतले दोन दिवस ते सामना सोडूनच देत होते. मी तर माझे बदली खेळाडू त्याच दोन दिवसांसाठी राखून ठेवायचे. ते आता बंद.

आणि आपल्या नियमाने पिचरला खऱ्या हंगामाएवढेच स्टार्ट (सामना सुरू करायच्या पाळ्या) मिळतात. रायनचे ३४. ह्यूस्टनने सुट्टीपर्यंत त्यातले १६च वापरलेत. म्हणजे उरलेल्या अर्ध्या हंगामात डेट्रॉइटला १८ स्टार्ट मिळणार, अर्ध्या हंगामाच्या हिशेबापेक्षा एक जास्तच. शुगरलँडकर, हे तुमच्या लक्षात आलं नाही का हो?

शुगरलँडकर (ह्यूस्टन)

आलं. म्हणूनच हॉइल्सही मागत होतो. नाही म्हणाले, आणि दुसऱ्या दिवशी तोच क्लीव्हलंडला दिला.

डगआऊटमधला

ताई, स्टार्ट १८ असतील, पण डाव किती? रायनच्या ३४ स्टार्टमध्ये एकही पूर्ण सामना नाही. ११५ चेंडूंची मर्यादा घातली होती त्याला त्या वर्षी. २११ डावांच्या वर थोडेसे, म्हणजे सहाव्या-सातव्या डावात कार्ड दमणार. नंतर बुलपेन (बदली पिचर), आणि डेट्रॉइटचं बुलपेन म्हणजे हेनेमन आणि देवाचं नाव. शिवाय २.७६ हे ह्यूस्टनच्या ऐसपैस अ‍ॅस्ट्रोडोममधलं. डेट्रॉइटच्या तेव्हाच्या टायगर स्टेडियमला उजवं कुंपण ३२५ फुटांवर.

फक्त_क्रिकेट

मध्येच विचारतो, राग मानू नका. मी फक्त वाचायला येतो. पुढचं सगळं सगळ्यांना माहीत असेल तर स्मोल्ट्झ द्यायला कोणी तयार कसं होतं? आणि झालं तर त्याच्या बदल्यात अख्खा संघ का नाही मागत? उद्या लॉटरीला कुठला नंबर लागणार हे माहीत असलेलं तिकीट छापील किमतीला कोण विकेल?

नोव्हीकर (डेट्रॉइट)

आरोपी हजर.

फक्त_क्रिकेट, तुमचा प्रश्न सगळ्यात चांगला. पण लॉटरी उद्या नाही हो, नऊ वर्षांनी आहे. आपण वर्षाला एक हंगाम खेळतो. १९९६ चं कार्ड माझ्या हातात पडेल तेव्हा आत्ता तिसरीत असलेली माझी लेक कॉलेजची तयारी करत असेल.

वर्षागणिक मांडून बघा. १९८८: स्मोल्ट्झचे १२ स्टार्ट, ईआरए ५.४८. वापरायच्या लायकीचं नाही. रायन ३.५२, २२८ स्ट्राइकआऊट. १९८९: स्मोल्ट्झ २.९४, छान. रायन ३.२०, पण अमेरिकन लीगमध्ये, म्हणजे पिचरऐवजी डीएच (फक्त फलंदाजीला येणारा खेळाडू) समोर असताना, आणि ३०१ स्ट्राइकआऊट, वयाच्या ४२ व्या वर्षी. १९९०: ३.८५ विरुद्ध ३.४४. १९९१: ३.८० विरुद्ध २.९१. पुढची चार वर्षं धरा, म्हातारा तीनदा सरळ पुढे आणि एकदा बरोबरीत. हे वर्ष तर सोडाच, यंदा पोराचं कार्डच नाही. स्मोल्ट्झ पहिल्यांदा खऱ्या अर्थाने पुढे जातो तो १९९२ ला. आपली लीग तोवर असेल याची हमी इथे कोण देतंय? हात वर करा.

जेकोबीबद्दल. होमर किती हा प्रश्नच नव्हता. गिब्सन, व्हिटेकर, इव्हान्स, नोक्स, माझे चार मुख्य फलंदाज डावखुरे. समोर टोरांटोकडे जिमी की आणि सेरुटी, मिलवॉकीकडे हिगुएरा, सगळे डावखुरे पिचर. कार्डाला दोन बाजू असतात मंडळी, डावखुऱ्याविरुद्धची वेगळी. टोरांटोने गेल्या महिन्यात तीन दिवसांत मला दोनदा डावखुऱ्यांनीच झोपवलं. तिसऱ्या बेसवर माझा ब्रूकेन्स, .२४१. तिथे उजव्या हाताचा, .३००, ३२ होमरवाला येतोय. जिलेबी नाही ही, ताटात भाजीच नव्हती.

बाल्कनीतून (क्लीव्हलंड)

आणि जेकोबीचे ते ३२ पुढच्या वर्षी ९ होतात, .२४१ वर. गंमत बघा, बरोब्बर ब्रूकेन्सचाच आकडा. म्हणून तर विकला.

१९८७ हे फुगलेलं वर्ष आहे. त्या वर्षी दोन्ही लीगमध्ये मिळून ४,४५८ होमर, पुढच्या वर्षी ३,१८०. वेड बॉग्सने २४ मारले, ज्याने आयुष्यात एरवी कधी अकराच्या वर मारले नाहीत. लॅरी शीट्स ३१, पुढच्या वर्षी १०. ही कार्डं म्हणजे डिसेंबरमधली स्ट्रॉबेरी. आज विकली नाही तर उद्या जॅमलाही कोणी घेत नाही. मी माझ्याकडची सगळी स्ट्रॉबेरी काढतोय. कोणाला कोरी स्नायडर हवाय?

मिसिसागाची_सून (टोरांटो)

पण फुगा सगळ्यांचाच फुटणार ना? माझा जॉर्ज बेलसुद्धा ४७ होमरवरून २४ वर येतो. सगळ्यांचे होमर उतरले की पुन्हा पातळी सारखीच. विकायचं असेल तर शेजाऱ्यापेक्षा जास्त कोण उतरतो ते बघून. जेकोबी आणि शीट्स ह्या यादीत बसतात, हे मान्य.

डगआऊटमधला

डावखुऱ्यांचा मुद्दा पटला, तेवढा मागे घेतो. पण किंमत? खऱ्या डेट्रॉइटलाही हीच अडचण होती. त्यांनी काय केलं? जूनमध्ये डॉजर्सने सोडलेला बिल मॅडलॉक उचलला. उजव्या हाताचा, .२७९, १४ होमर. एक पोर न देता. आणि तुमच्याच बाकावर हर्नडन बसलाय, डावखुऱ्यांना बदडणारा, .३२४.

नोव्हीकर (डेट्रॉइट)

हर्नडन आउटफिल्डर आहे, तिसऱ्या बेसवर उभा केला तर चेंडू डाव्या कुंपणापर्यंत जाईल. आणि मॅडलॉक आपल्याकडे लॉस एंजेलिसचा, लॉस एंजेलिस मशीनचं, आणि हंगाम सुरू असताना मशीनशी ट्रेड बंद. नियम तुम्हीच मांडला होता. मी विरोधात मत दिलं होतं.

(अलेक्झांडर का नाही घेतला, असं दोघांनी खाजगीत विचारलं. कारण तेच, अटलांटा मशीनकडे. शिवाय त्याचं डेट्रॉइटमधलं ९-० आणि १.५३ वेगळं मिळत नाही. कार्ड अख्ख्या वर्षाचं, अटलांटातले ४.१३ मिसळून ३.०१. आणि प्लेऑफमध्ये (बाद फेरीत) मिनेसोटा ट्विन्सविरुद्ध दोन सामने हरला, ईआरए १०. ती आठवण कार्डावर नाही, पण माझ्या डोक्यात आहे.)

पंचायत (कमिशनर)

दोन्ही ट्रेड मंजूर झालेत, उलटणार नाहीत. हे आधी. आता कमिशनरची टोपी काढून लिहितो.

नोव्हीकर, तुमचा हिशेब बिनचूक आहे आणि मला तोच खटकतो. लीग १९९२ पर्यंत टिकणार नाही असं धरून तुम्ही विकलं. बाल्कनीतून यांनी उलट धरून घेतलं. दोघांचंही खरं होऊ शकत नाही. आणि यातलं कोणाचं खरं होईल हे फासे ठरवणार नाहीत, आपण चौदा जण ठरवणार आहोत.

मी ह्याआधी एका लीगमध्ये होतो, तीही अशीच, पुढचं माहीत असलेली. तिसऱ्या वर्षापर्यंत पाच जणांनी उद्याचं सगळं विकून आजचं घेतलं होतं. त्यातला एक जिंकला. उरलेल्या चौघांकडे चाळिशीचे पिचर आणि उतरलेली कार्डं. एकाने बाळ झाल्याचं कारण दिलं, एक पुण्याला परतला, दोघांनी फाइल पाठवणंच बंद केलं. कारणं खरी होती. पण फार्ममध्ये ग्रिफीसारखा उद्याचा महान खेळाडू वाढत असता तर पुण्याहूनही लाइनअप आली असती, वेळेचा फरक असूनसुद्धा. लीग बंद पडेल म्हणून भविष्य विकायचं, आणि विकायला काही उरलं नाही म्हणून लीग सोडायची.

नोव्हीकर (डेट्रॉइट)

कमिशनरसाहेब, हे जरा मनाला लागलं. पण उलटंही बघा. दहा वर्षं फार्म राखत चौथ्या नंबरावर बसणारे कंटाळून जात नाहीत? १९८७ ला खऱ्या ट्विन्सनी ८५ सामने जिंकून वर्ल्ड सिरीज नेली, काढलेल्या रनपेक्षा दिलेले रन जास्त असताना. चारच संघ प्लेऑफमध्ये जातात, आत गेलं की काहीही होतं. डेट्रॉइटच्या पोराटोरांचं हे शेवटचं मोठं वर्ष, पुढचं मी वाचलंय. १९८९ ला तो संघ १०३ हरतो. मी आत्ता नाही धावलो तर कधी?

आणि मी सोडून जाणार नाही. ट्रॅमेल आहे ना माझ्याकडे. गिब्सनही आपल्याकडे डॉजर्सला जात नाही, फ्री एजन्सीच (करार संपल्यावर दुसरा संघ निवडायची मोकळीक) नाही. एकर्सलीला १९८८ च्या वर्ल्ड सिरीजमधला गिब्सनचा तो होमर बसणारच नाही, बिचारा.

डगआऊटमधला

१०३ हरणारा संघ हातात आहे, आणि त्यातून वर काढणारा एकमेव माणूस विकलात. हे माझ्या बाजूचं आहे की तुमच्या?

शुगरलँडकर (ह्यूस्टन)

+१. आणि मी १९९६ पर्यंत थांबणार आहे. नोंद असावी.

बाल्कनीतून (क्लीव्हलंड)

पंचायत, मग नियमच करा. फार्ममधला खेळाडू विकला की पुढच्या दोन हंगामांची वर्गणी आगाऊ. सॉफ्टवेअर आणि कार्डांचा खर्च तरी निघेल. सोडून गेला तरी नवीन मालकाला संघ फुकट मिळेल.

मिसिसागाची_सून (टोरांटो)

ह्याला माझं हो. वर्गणी आगाऊ भरलेला माणूस लाइनअप पाठवतो, हा माझा भिशीचा अनुभव आहे.

पंचायत (कमिशनर)

रविवारी मतदान टाकतो. चालू ट्रेडना लागू नाही, नोव्हीकरांनी घाबरू नये.

नोव्हीकर (डेट्रॉइट)

लागू करा की. दोन वर्षांची आत्ताच पाठवली. स्क्रीनशॉट ग्रुपवर.

मिसिसागाची_सून (टोरांटो)

शुक्रवारी तुमच्या घरी पहिला सामना, रायन विरुद्ध जिमी की. मी मॉस्बी आणि बारफील्डला वर आणतेय आणि चौथ्या डावापर्यंत चेंडू बघत बसायला सांगितलंय. ११५ लवकर भरतात. मग हेनेमन, आणि मग देवाचं नाव. फाइल गुरुवारी रात्री नऊच्या आत पाठवा, मागच्या वेळसारखा उशीर नको.