ड्राइव्हवेच्या फटीतलं गवत परत परत येतंय, काय करू?

परसबागवेडी:
गेटपासून गाडी लावायच्या जागेपर्यंत अर्ध्या भागात पेव्हर ब्लॉक आहेत आणि पुढे काँक्रीट, त्याला मधे मधे भेगा पडल्यात. सगळ्या फटींतून गवत येतंय. उपटायला गेलं की शेंडा हातात येतो, मूळ आतच राहतं, आठवडाभरात परत हिरवंगार. घरात रांगतं बाळ आहे, मांजरही तिथेच लोळत असते त्यामुळे तणनाशक मारायला मन धजत नाही. कोणी मीठ टाक म्हणतं, कोणी व्हिनेगर. नक्की काय करू?

खुरपंवाला:
आधी तण कुठलंय ते बघा, सगळ्यांना एकच उपाय चालत नाही. घोळ, दुधी असलं बियांवर येणारं कोवळं तण उकळत्या पाण्याने जातं. किटली फटीच्या अगदी जवळ धरून हळूहळू ओता म्हणजे पाणी आजूबाजूला न पसरता आत उतरेल, पायात बंद बूट घाला आणि बाळ-मांजर घरात ठेवा. हरळी मात्र चिवट, तिचा जमिनीखालचा एखादा तुकडा राहिला तरी परत फुटते. आणि लव्हाळ्याला तर खाली गाठी असतात, दांडा बोटांत फिरवून बघा, तिकोनी लागला तर लव्हाळाच. या दोघांचं पाण्याने फक्त पान करपतं, नवीन पान दिसलं रे दिसलं की परत ओतायचं, खालचा साठा संपेपर्यंत नेट लावून. उपटायचं असेल तर पाऊस पडून गेल्यावर उपटा, माती सैल असते.

हिरवी_ओसरी:
मीठ अजिबात नको!! पावसात वाहून कडेच्या झाडांच्या मुळाशी जातं, माती खराब होते आणि काँक्रीटमध्ये सळ्या असतील तर गंजतात. स्वयंपाकघरातल्या व्हिनेगरमध्ये साधारण ५% आम्ल असतं, त्याने पानं जळतात पण मूळ शाबूत राहतं, वर सिमेंट खरवडलं जातं ते वेगळंच.

वाळूसिमेंट:
उपटून, जाळून मोकळी फट तशीच ठेवली तर दमायला होईल. बी बहुतेक वेळा खालून येतच नाही, वाऱ्याने वरून पडतं आणि फटीत साचलेल्या धूळ-पाल्याच्या मातीत रुजतं. म्हणून ती मातीच काढा, जुना स्क्रूड्रायव्हर किंवा वाकडा हूक घेऊन तीनेक सेंटीमीटर खोल खरवडा, मग तारेचा ब्रश मारा. पेव्हरच्या फटीत कोरडी बारीक वाळू झाडूने लोटून दाबून भरा. पाण्याने घट्ट होणारी पॉलिमर वाळू मिळाली तर अजून चांगलं, पण पाणी मारायच्या आधी ब्लॉकच्या वर राहिलेली पावडर नीट झाडून घ्या नाहीतर पांढरट डाग पडतो. पेव्हरमध्ये सिमेंट भरू नका, ब्लॉक थोडे हलतातच आणि सिमेंट तडकतं. काँक्रीटच्या भेगेत लवचिक सीलंट भरा, भेग खोल असेल तर आधी फोमची दोरी खाली बसवा. आणि प्रेशर वॉशर जवळून मारू नका, भरलेली वाळू सगळी उडून जाते.

परसबागवेडी:
किती नीट सांगितलंत सगळ्यांनी! आत्ता बाहेर जाऊन बघितलं, गेटजवळ दांडा तिकोनीच लागतोय :( बाकी ठिकाणी घोळ आहे. मग गेटजवळ पण वाळूच भरू का?

खुरपंवाला:
तिथे आत्ता नको, लव्हाळ्याचा कोंब टोकदार असतो, वाळूतून सहज वर येतो. पेव्हर आहेत ना, मग त्या पट्ट्यातले ब्लॉक उचला, खालची माती चाळून काळपट गाठी वेचा, त्यांना जोडलेले बारीक तंतूही ओढून काढा. कंपोस्टमध्ये टाकू नका, तिथेही रुजतात. मग तळ परत दाबून सपाट करा, ब्लॉक बसवा आणि थोडे दिवस वाट बघा. कोंब आले तर तो ब्लॉक परत उचला, नाही आले तर मग वाळू.

वाळूसिमेंट:
+१. उचलायच्या आधी खडूने ब्लॉकवर नंबर टाकून ठेवा, परत त्याच जागी बसतात.