खादीच्या नऊवारीला लांबीभर शिवण का असावी?

दांडियाबाजारची सून, वडोदरा

नमस्कार. राजकीय धामधुमीत बायकांचा पोशाख कसा बदलला, या विषयावर आमच्या महिला मंडळाने जुन्या वस्त्रांचे लहानसे प्रदर्शन मांडायचे ठरवले आहे. त्यासाठी आजेसासूबाईंची ट्रंक उघडली, तेव्हा चंदेरी आणि इरकली लुगड्यांच्या तळाशी जाड्याभरड्या खादीचे एक नऊवारी निघाले. १९२१ च्या असहकारात त्यांनी खादी धरली, एवढे घरात ऐकून माहीत आहे. मला कोडे पडले आहे ते शिवणीचे. ती लुगड्याच्या लांबीभर गेली आहे, पण मध्यावर नाही. तिच्या एका बाजूला ३० इंच कापड आहे आणि दुसऱ्या बाजूला जेमतेम १५. फाटले म्हणून जोडले म्हणावे, तर दोन्हीकडची वीण एकच दिसते. जाणकारांनी कृपया सांगावे.

हातमागवाला

ताई, आपण दिलेल्या मापातच उत्तर आहे. गांधीजींच्या साबरमती आश्रमात आणि विजापूरला सुरुवातीला विणल्या जाणाऱ्या खादीचा पन्हा, म्हणजे कापडाची रुंदी, ३० इंचच होता, असे त्यांनी स्वतः लिहून ठेवले आहे. विजापूर म्हणजे आपल्याच बडोदे संस्थानातले. गांधीजींसाठी चरखा शोधणाऱ्या गंगाबेन मजमुदार यांना तो सापडला तिथेच. महिन्याभरात ४५ इंच पन्ह्याचे धोतर मिळाले नाही, तर आखूड धोतरावर भागवीन, अशी तंबीच गांधीजींनी त्यांना दिली होती, आणि गंगाबेननी मुदतीच्या आत जोडी पाठवली.

पुरुषाचे आखूड धोतर चालून जाईल, लुगडे कसे चालावे? म्हणून ३० इंचांना १५ इंचांची जोड दिलेली असणार. साडेतेरा वार कापड घ्यायचे, त्यातले साडेचार वार मधोमध उभे चिरायचे, म्हणजे दीड पन्ह्याचे नऊवारी होते. आश्रमातली पहिली खादी १७ आणे वार पडली होती. त्या भावाने हिशेब केला, तर शिलाई सोडून १४ रुपये साडेपाच आणे होतात. माझा तर्क बरोबर असेल, तर अरुंद पट्टीला मध्यभागी एक आडवा जोडही असला पाहिजे. कृपया पाहून सांगावे.

मांडवीकर

शिवणीबद्दल वाद नाही, परंतु पोशाख बदलल्याचे सगळे श्रेय चळवळीला देऊ नये. विदेशी कापडावरील बहिष्काराच्या त्याच दशकात याच शहराच्या राजकन्या, म्हणजे सयाजीरावांच्या कन्या आणि कूचबिहारच्या महाराणी इंदिरादेवी, १९२२ साली विधवा झाल्यानंतर फ्रेंच शिफॉनच्या पांढऱ्या साड्या नेसू लागल्या आणि संस्थानी घराण्यांत शिफॉनची चाल पडली. परळला ३१ जुलै १९२१ रोजी विलायती कापडाची होळी झाली, त्याला तेव्हा दीड वर्षही झाले नव्हते. प्रदर्शनात ही दोन वस्त्रे शेजारी ठेवता आली, तर बघणाऱ्यांना बरेच काही कळेल.

शिवाय खादी आली तरी लुगडे नऊवारीच राहिले होते, हे विसरू नये. काष्टा जाऊन गोल साडी सर्रास झाली ती नंतर, आणि त्यात शाळा-कॉलेजांइतकाच दुसऱ्या महायुद्धातील कापडटंचाईचा हात असावा, असे माझे मत आहे. १९४३ मध्ये सरकारने कापडावर नियंत्रण आणले. नवाऐवजी सहा वारांत भागते, म्हणजे दर साडीमागे एक तृतीयांश कापड वाचते, हा हिशेब घरातल्या बाईला कोणी शिकवावा लागत नाही. (आमच्या आजीने मात्र मरेपर्यंत गोल साडीला ‘परकर गुंडाळणे’ म्हटले.)

दांडियाबाजारची सून, वडोदरा

आपणा दोघांचीही आभारी आहे. आडवा जोड सापडला! अरुंद पट्टीच्या बरोबर मध्यावर आहे आणि इतका बारीक दुमडून घातला आहे, की बोट फिरवल्यावरच लागतो. स्वयंपाकघरातल्या काट्यावर लुगडे पावणेदोन किलो भरले; त्याच ट्रंकेतले चंदेरी अर्ध्या किलोच्या आसपास आहे. मुलीला ते नेसवून पाहिले, तर कंबरेशी निऱ्यांचा गठ्ठाच झाला आणि चार पावलांत काष्टा सुटला. आडवा जोड निऱ्यांच्या आत गेला, बाहेरून दिसला नाही. लांब शिवण मात्र पदरावर उघडी राहते, तेव्हा पदरच पुढे करून मांडते.