आठ महिन्यांचं बाळ आणि गोचीड
ताई, बाळाला घेऊन ऑस्ट्रियाला जाताय आणि गोचिडीच्या मेंदूज्वराची लस द्यावी का, असं विचारलंत. ती लस वर्ष पूर्ण झाल्यावरच देतात, त्यामुळे सगळी भिस्त तुमच्या नजरेवर. गवतातून आलात की डोकं, कानामागे, मान तपासा. लहानग्यांना गोचीड बरेचदा डोक्यालाच चिकटते. तेल, रॉकेल मुळीच नको. बारीक चिमट्याने कातडीलगत धरून सरळ ओढा. पण हा विषाणू लाळेतून काही मिनिटांतच शिरतो, म्हणून पुढचे ४ आठवडे ताप, सुस्ती, झटके यांवर लक्ष ठेवाच. शेळीचं कच्चं दूध कुणी प्रेमाने दिलं तरी नको.

आपल्या नागपूरकडे धोका वेगळा: चांदिपुरा हा मेंदूज्वराचा विषाणू, १९६५ साली इथल्याच गावात सापडलेला. तो वाळूमाशीने पसरतो. पावसाळ्यात लेकराला तापात झटके आले तर तासभरही थांबू नका.