आधी टीव्हीमागची वायर बघा
"टीव्हीवर एचडी चॅनलांचा (जास्त स्पष्ट चित्राच्या) पॅक घेतला, काडीचा फरक दिसला नाही, पैसे पाण्यात" ही तक्रार मला अर्धीच पटते. आमच्याकडेही सहा महिने हेच रडगाणं चालू होतं. दिवाळीच्या साफसफाईत टीव्ही भिंतीवरून उतरवला तेव्हा कळलं, जोडणीवाल्याने सेट टॉप बॉक्सला जुनी लाल-पांढरी-पिवळी वायरच खुपसून ठेवली होती. त्या पिवळ्या वायरीतून एचडी चित्र जातच नाही. बॉक्स १०८० रेषांचं चित्र ५७६ वर आणून टीव्हीला देतो, आणि आपण महिन्याच्या महिन्याला एचडीचे पैसे भरतो! एचडीएमआय केबल लावली आणि बाबा सोफ्यावरूनच स्कोअरच्या पट्टीतले बारीक आकडे वाचायला लागले. (तोवर दर ओव्हरला "किती झाले रे?" हे ठरलेलं.)

बाकी नवा टीव्ही घ्यायचाच असेल तर पडद्याचा आकार आणि तुमचं बसायचं अंतर बघा. ३२ इंची 'एचडी रेडी' टीव्ही बहुतेक वेळा १३६६ बाय ७६८ ठिपक्यांचे (पिक्सेलचे) असतात. दहा फुटांवरून बघणाऱ्याने त्याच आकारात फुल एचडीसाठी (१९२० बाय १०८०) जादा पैसे मोजण्यात मला तरी अर्थ वाटत नाही. ४३ किंवा त्यापुढे जाणार असाल तर मात्र साधं, एचडी नसलेलं चॅनल फारच धुरकट दिसतं.