मराठवाड्यात राहून हौशी कार रेसिंग: पहिली मालिका कोणती निवडावी?

वाळूजचा वाचक (प्रश्न)

सर्वांना नमस्कार. माझे वय ३३ वर्षे असून मी वाळूज औद्योगिक वसाहतीत वाहनांचे सुटे भाग बनवणाऱ्या एका कारखान्यात दर्जा तपासणी विभागात काम करतो. दोन वर्षांपूर्वी कंपनीच्या कामासाठी श्रीपेरुंबुदूरला गेलो असता रविवारी जवळच्या इरुंगट्टुकोट्टईच्या ट्रॅकवर राष्ट्रीय स्पर्धेच्या शर्यती पाहण्याचा योग आला. पहिला कोण आला हे आज मला आठवत नाही. पण बऱ्याच मागच्या क्रमांकावर असलेल्या दोन गाड्या शर्यत संपेपर्यंत एकमेकींच्या पुढेमागे होत होत्या आणि शर्यत संपल्यावर त्यांचे चालक हेल्मेट काढून एकमेकांना मिठी मारून हसत होते, ते दृश्य मनातून जात नाही. आपणही एकदा तिथे उतरावे, अशी इच्छा तेव्हापासून आहे.

माझ्यासमोर चार पर्याय दिसतात: नवख्यांसाठीच्या वर्गात एकासनी फॉर्म्युला गाडी भाड्याने घेणे, एखाद्या कंपनीच्या एकसारख्या गाड्यांच्या कप स्पर्धेसाठी निवड चाचणी देणे, स्वतःच्या स्विफ्टने ऑटोक्रॉसमध्ये, म्हणजे मातीच्या मैदानावरील घड्याळाशी होणाऱ्या शर्यतीत, उतरणे किंवा वेळ-वेग-अंतर पद्धतीच्या, म्हणजे ठरवून दिलेला सरासरी वेग राखण्याच्या, रॅलीत भाग घेणे. मराठवाड्याच्या आठही जिल्ह्यांत कायमस्वरूपी मान्यताप्राप्त सर्किट नसल्यामुळे प्रत्येक वेळी प्रवास करावाच लागणार आहे. वर्षातून चार ते पाच शनिवार-रविवार आणि मर्यादित बचत एवढेच माझ्या हाती आहे. पत्नीचा विरोध नाही, परंतु "यात तुम्हाला नेमके काय मिळणार आहे?" या तिच्या साध्या प्रश्नाचे उत्तर मला नीट देता आले नाही. ज्यांनी हे प्रत्यक्ष केले आहे त्यांनी मालिका कशी निवडावी आणि हा आनंद नेमका कशात आहे, या दोन्हींविषयी लिहावे, ही विनंती.

गारखेडा परिसर

दादा, मी दोन हंगाम एकासनी गाडीच्या वर्गात चालवले आहे, म्हणून सविस्तर लिहितो. आधी वहिनींच्या प्रश्नाचे उत्तर देतो, कारण ते सापडले की मालिकेची निवड पुष्कळ सोपी होते.

बाहेरच्यांना वाटते की यातला आनंद वेगाचा आहे. माझा अनुभव तसा नाही. सरळ पट्ट्यावरचा वेग तिसऱ्या लॅपनंतर जाणवेनासा होतो. मन गुंतते ते वळणाआधीच्या पन्नास मीटरांत: ब्रेक कुठे दाबायचा, तो किती हळुवार सोडायचा, वळणाच्या आतल्या कडेला गाडी नेमकी कधी टेकवायची आणि ॲक्सिलरेटरवर पुन्हा पाय कधी ठेवायचा, हे सगळे प्रत्येक लॅपमध्ये नव्याने जमवावे लागते. एका लॅपमागे दोन दशांश सेकंद वाचले तर दहा लॅपमध्ये दोन सेकंद होतात, आणि ताशी १२० किलोमीटर वेगाने गाडी दोन सेकंदांत सहासष्ट मीटर पुढे जाते. आपण कारखान्यात मायक्रॉन मोजता, त्यामुळे लहानशा फरकासाठी दिवसभर झटण्यात काय समाधान असते हे आपल्याला वेगळे सांगायला नको. त्या पंचवीस मिनिटांत कर्जाचा हप्ता, बदलीचा आदेश, घरातले आजारपण यांपैकी काहीही डोक्यात येत नाही. इतकी पूर्ण एकाग्रता मला दुसऱ्या कोणत्याही छंदात लाभलेली नाही.

आनंदाचा दुसरा भाग प्रतिस्पर्ध्याचा आहे, आणि आपण तो इरुंगट्टुकोट्टईला पाहिलाच आहे. पहिल्या तीन क्रमांकांत बहुधा लहानपणापासून कार्टिंग केलेली मुले असतात आणि त्यांना गाठणे तिशी ओलांडलेल्या नोकरदाराला जवळपास अशक्य असते. परंतु मधल्या घोळक्यात आपल्याच तोलाचा एकजण हमखास सापडतो. मला नागपूरचे एक गृहस्थ भेटले. दोन हंगामांत आम्ही एकमेकांना किती वेळा मागे टाकले याची गणती नाही. तेराव्या क्रमांकासाठीची ती झुंज आम्हाला विजेतेपदाइतकीच मोलाची वाटत असे. ताशी शंभरच्या वर वेग असताना शेजारच्या गाडीला एक गाडीभर जागा सोडायची आणि तोही तशीच सोडेल यावर भरवसा ठेवायचा, यातून जी मैत्री होते ती फार वेगळ्या जातीची असते.

म्हणून मालिका निवडताना माझी पहिली कसोटी अशी: गाड्या जितक्या एकसारख्या, तितके चांगले. एलजीबी फॉर्म्युला ४ या वर्गात सगळ्या गाड्यांना मारुती स्विफ्टचे १३०० सीसीचे इंजिन असते आणि टायरही तेच असतात, त्यामुळे जास्त पैसा ओतून जास्त ताकद विकत घेता येत नाही. जेके टायरच्या राष्ट्रीय स्पर्धेबरोबर नवख्यांसाठी जो नोव्हिस कप होत आला आहे, त्याचे मोल हेच की तिथे आपल्याबरोबर ग्रिडवर, म्हणजे सुरुवातीच्या रांगेत, उभे असलेले इतरही शिकाऊच असतात. फोक्सवॅगनच्या पोलो कपपासून, म्हणजे २०१० पासून, आपल्याकडे एकसारख्या गाड्यांच्या कप स्पर्धांचीही परंपरा झाली आहे. तिथे व्यवस्था उत्तम असते, पण निवड चाचणीत तरुण कार्टिंगपटूंशी गाठ पडते आणि जागा थोड्या असतात. एफआयए या मोटार शर्यतींच्या जागतिक संघटनेच्या मान्यतेची फॉर्म्युला ४ मालिका मात्र आपल्या विचारात नसावी. ती व्यावसायिक चालक होऊ पाहणाऱ्या किशोरवयीन मुलांसाठी आहे.

दुसरी कसोटी, आणि माझ्या मते याहून महत्त्वाची, ही की एका शनिवार-रविवारात प्रत्यक्ष गाडीत किती वेळ बसायला मिळते. गाडी भाड्याने देणाऱ्या संघाशी बोलताना सरावाची सत्रे किती, नवे टायर किमतीत धरलेले आहेत का, आणि विशेषतः गाडीचे नुकसान झाले तर भरपाई कोणत्या दराने, हे लेखी घ्यावे. पहिल्या हंगामात मी हा शेवटचा प्रश्न विचारला नव्हता. एका किरकोळ धडकेनंतर पुढच्या सस्पेन्शनचे जे बिल संघाने हाती दिले, त्यात माझ्या पुढच्या फेरीची सगळी तरतूद संपली. चूक ठरवण्यासाठी कुणाशी भांडलो नाही, कारण कागदावर काहीच नव्हते.

प्रवासाची धास्ती बाळगू नका. कोइंबतूरचा कारी मोटर स्पीडवे असो किंवा चेन्नई, गाडी संघाची आणि ती तिथेच असते. आपल्याला फक्त हेल्मेट, सूट आणि मान सावरणारे हान्स हे साधन घेऊन रेल्वेत बसायचे असते. हेल्मेट घेताना मात्र काळजी घ्या. दुचाकीचे आयएसआय हेल्मेट चालत नाही. मोटार शर्यतीसाठीच्या, उदाहरणार्थ स्नेल या संस्थेच्या एसए, मानकाचे लागते, कारण त्याचे अस्तर आगीला दाद देत नाही. परवान्यासाठी एफएमएससीआय या देशातल्या मोटार शर्यतींच्या संघटनेकडे अर्ज करावा लागतो, त्यासोबत वैद्यकीय तपासणीचे प्रमाणपत्र आणि सर्किट रेसिंगसाठी मान्यताप्राप्त प्रशिक्षण पूर्ण केल्याचा दाखला जोडावा लागतो. ते दोन-तीन दिवसांचे प्रशिक्षण केवळ परवान्यापुरते उरकू नका. झेंड्यांचे अर्थ, विशेषतः पिवळा झेंडा दिसताच ओव्हरटेक न करण्याची शिस्त, तिथेच अंगात भिनते.

लातूरची नॅव्हिगेटर

दादांनी सर्किटविषयी फार चांगले लिहिले आहे, परंतु वेळ-वेग-अंतर रॅलीकडे दुय्यम पर्याय म्हणून पाहिले जाते, ते मला पटत नाही. मी माझ्या धाकट्या दिरांसोबत त्यांच्या डाव्या बाजूला बसून नॅव्हिगेटर म्हणून या रॅली करते. इथे जोरात गाडी हाकणाऱ्याला बक्षीस नसते. रोडबुकमध्ये प्रत्येक वळणाची लहानशी आकृती, तिथपर्यंतचे अंतर आणि त्या टप्प्यासाठी राखायचा सरासरी वेग दिलेला असतो. मध्येच कुठेतरी न सांगितलेल्या जागी वेळनोंद होते आणि उशिरा पोहोचल्यास गुण जातात, लवकर पोहोचल्यास बहुतेक ठिकाणी त्याहून अधिक जातात. समजा ताशी ३६ किलोमीटर सरासरी दिली आहे, तर प्रत्येक सेकंदाला बरोबर दहा मीटर झाले पाहिजेत. वाटेत मेंढरांचा कळप आडवा आला आणि चाळीस सेकंद गेले, तर ते पुढच्या किती अंतरात भरून काढायचे याचा हिशोब मांडीवरच्या वहीत धावत्या गाडीत करावा लागतो.

आपल्या पत्नीला यात काय मिळणार, असाही प्रश्न मी विचारीन. सर्किटवर त्या पॅडॉकच्या कठड्याशी उभ्या राहतील. इथे त्या गाडीत असतील आणि अर्धी स्पर्धा त्यांच्या हातात असेल. आमच्या घरात आधी या छंदाला नाराजीचा सूर होता. सासूबाईंना एकदा रोडबुक वाचून दाखवले, तेव्हापासून त्या आमच्याकडून प्रत्येक टप्प्याचा वृत्तान्त मागून घेतात. खर्चही प्रवेशशुल्क, इंधन आणि मुक्काम एवढाच, कारण घरचीच गाडी चालते. नाशिक तुमच्यापासून चार तासांवर आहे आणि तिथे रॅलीची जुनी परंपरा असल्यामुळे जाणती माणसे भेटतात.

जालना गॅरेज

मी तीस वर्षे गाड्यांचे काम करत आहे आणि मारुतीच्या एस्टीम व जिप्सी या दोन्ही गाड्या ऑटोक्रॉससाठी अनेकदा तयार करून दिल्या आहेत. स्वतःच्या गाडीने उतरायचे असेल तर आधी आपली विमा पॉलिसी काढून वापराच्या मर्यादा वाचा. संघटित शर्यत, वेगचाचणी आणि विश्वासार्हता चाचणी यांसाठी केलेला वापर आपल्याकडच्या नेहमीच्या वाहन विम्यात वगळलेला असतो. म्हणजे मैदानावर गाडी उलटली तर एक रुपयाही मिळणार नाही, हे गृहीत धरूनच निर्णय घ्यावा. रॅलीला जाणाऱ्यांनीही आयोजकांकडून आणि विमा कंपनीकडून ही बाब स्पष्ट करून घ्यावी. रोज मुलांना शाळेत सोडणारी गाडी ऑटोक्रॉसला नेऊ नये, असे माझे स्पष्ट मत आहे. मित्रांनी मिळून एक जुनी गाडी घ्यावी आणि तिला रोल केज (गाडी उलटली तर आतल्यांना वाचवणारा लोखंडी सांगाडा) बसवावा.

तरीही पहिले पाऊल म्हणून मी ऑटोक्रॉसच सुचवीन. मातीच्या मैदानावर आखलेल्या मार्गावर बहुधा एका वेळी एकच गाडी सुटते आणि झुंज घड्याळाशी असते, त्यामुळे दुसऱ्याच्या चुकीची शिक्षा आपल्याला होत नाही. आपल्याकडच्या माणसाला हे समजावून सांगावे लागत नाही. शंकरपटात, म्हणजे बैलजोड्यांच्या शर्यतीत, जोडी सुटते, सेकंदांची नोंद होते आणि सगळा गाव त्या एका आकड्याकडे डोळे लावून बसतो; २०१४ ची बंदी डिसेंबर २०२१ मध्ये उठली, तेव्हा आमच्या भागातल्या लोकांच्या डोळ्यांत मी पाणी पाहिले आहे. जनावर पोसणाऱ्याला जोडीविषयी जे वाटते, तेच स्वतःच्या हाताने गाडी उभी करणाऱ्याला गाडीविषयी वाटते. ज्याला चालवण्याइतकीच गाडी जुळवण्याचीही आवड आहे, त्याचा भाड्याच्या गाडीत निम्मा आनंद हुकतो.

एक गोष्ट कळकळीने सांगतो. समृद्धी महामार्ग जालन्यावरून जातो आणि रात्री तिथे गाड्या पळवणारी पोरे माझ्याकडे इंजिनाचे काम करून घ्यायला येतात. मी नाही म्हणतो. मोटार वाहन कायद्याच्या कलम १८९ प्रमाणे सार्वजनिक रस्त्यावर परवानगीशिवाय शर्यत लावणे हा तुरुंगवासाचा गुन्हा आहे, आणि ट्रकच्या मागे घुसलेल्या गाड्या मी क्रेनने ओढून आणलेल्या आहेत.

नांदेड, बाहा संघ

मी नांदेडला अभियांत्रिकी शिकत असताना बाहा या विद्यार्थ्यांनी स्वतः बनवलेल्या गाड्यांच्या स्पर्धेसाठी पिथमपूरला गेलो होतो. तेव्हा तिथे सर्व महाविद्यालयांना सारखेच १० अश्वशक्तीचे इंजिन असे आणि चार तासांची सहनशक्तीची शर्यत होत असे. आमची गाडी तिसऱ्या तासाला बंद पडली, तरी ते वर्ष विसरता येत नाही. दोनच सूचना करतो. पैसे गुंतवण्याआधी कार्टिंग करा. कोल्हापूरला मोहिते रेसिंग अकादमीचा ट्रॅक आहे, पुण्याच्या बाजूलाही सोय आहे. तिथल्या वीस लॅप आपल्याला घोळक्यात चालवणे आवडते की एकट्याने, हे सांगून टाकतील. दुसरे म्हणजे एखाद्या फेरीला मार्शल म्हणून जा. आयोजक क्लब स्वयंसेवकांना प्रशिक्षण देतात, आणि वळणावर झेंडा घेऊन दिवसभर उभे राहिल्यावर कोणत्या वर्गातले लोक एकमेकांशी नीट वागतात आणि कोणत्या वर्गात तक्रारीच जास्त, ते डोळ्यांनी दिसते. मालिका निवडायला याहून चांगली पद्धत मला माहीत नाही.

वाळूजचा वाचक

सर्वांचे मनापासून आभार. काल रात्री हे सगळे पत्नीला वाचून दाखवले. ताईंचे रोडबुकचे वर्णन ऐकून तिने ते कुठे मिळते, असे विचारले. ती शाळेत गणित शिकवते. तेव्हा या वर्षी दोघांनी मिळून एक वेळ-वेग-अंतर रॅली करायची, विम्याची गोष्ट आधी लेखी विचारून घ्यायची, कोल्हापूरला कार्टिंगसाठी एकदा जायचे आणि चेन्नईच्या एखाद्या फेरीला मी मार्शल म्हणून नाव द्यायचे, असे ठरले आहे. पुढच्या वर्षी नवख्यांच्या वर्गासाठी प्रशिक्षण घेईन. त्यासाठीची रक्कम आजपासून वेगळी काढतो. गारखेड्याच्या दादांना भेटायला आवडेल. काका, रॅलीपूर्वी स्विफ्टमध्ये काय बदलून घ्यावे?

जालना गॅरेज

फार काही नको. ब्रेक फ्लुइड किती जुने आहे ते पाहा. ते हवेतली ओल शोषते. नव्या डॉट ४ फ्लुइडचा उत्कलनबिंदू किमान २३० अंश सेल्सिअस असतो, पण पाणी मुरल्यावर तो १५५ पर्यंत खाली येऊ शकतो आणि घाटात सतत ब्रेक लावताना नेमके तेव्हाच ब्रेकचे पेडल ढिले पडून खाली जाते. दोन वर्षांत बदलले नसेल तर बदलाच. टायरच्या बाजूच्या भिंतीवर फुगवटा आहे का ते हात फिरवून पाहा, स्टेपनीत हवा भरून ठेवा आणि ओडोमीटर किलोमीटरच्या दगडांशी ताडून त्याचा फरक वहिनींना लिहून द्या, कारण त्यांचा सगळा हिशोब त्यावरच उभा राहणार आहे. रविवारी दुपारपर्यंत गॅरेज उघडे असते. गाडी घेऊन या.