लॉकडाऊन, लहान पोरं आणि आपण: कोल्हापूरकरणींनो, लिहा
मार्च 2020 च्या जनता कर्फ्यूपासून पुढची दीड-दोन वर्षं ज्यांच्या पदराला लहान पोर होतं, त्यांच्यासाठी हा धागा. अंबाबाईचं दार बंद, बालवाडी बंद, कामवाल्या मावशी बंद आणि घरातली सगळी माणसं मात्र चोवीस तास घरात! त्यात स्वतःकडे कधी, कसं बघितलंत? मुलतानी मातीचे लेप नकोत, ते पुष्कळ वाचून झाले.

माझ्यापासून सुरुवात. नवऱ्याचं ऑफिस आतल्या खोलीत, दार लावून. माझं ओट्याशेजारी, मांडीवर लेक. शेवटी सासूबाईच म्हणाल्या, "तूबी जरा दार लाव की." दुपारी त्या नातीपुढे ताटात राजमा आणि हरभरे मिसळून ठेवायच्या. तिनं निवडून वाट्या भरल्या की तिची पाठ वळताच परत एकत्र करायच्या. तेवढा वेळ मी आत. काय करायचे? पंख्याकडे बघत पडायचे.

शाहूपुरीहून
मे 2021 मध्ये मी पॉझिटिव्ह, बाळ अंगावर पिणारं. जो तो म्हणे, पाजणं तोड. डॉक्टरांनी फोनवर सांगितलं, मास्क लावा, हात धुवा आणि पाजा. जागतिक आरोग्य संघटनेचंही तेच सांगणं होतं. पाजण्यापुरतं बाळ माझ्याकडे, एरवी जावेकडे. ती दाराशी ताट ठेवायची. पांढरा रस्सा, भात, अळिवाची खीर. एरवी मी पोराच्या ताटलीतलं उरलेलं खाणारी, तेव्हा गरम गरम जेवले. आजारपणातच लाड झाले म्हणायचे.

मंगळवार पेठेतून
पोराला मोबाईल दिला आणि निवांत केस धुतले. ज्यांना नावं ठेवायचीत त्यांनी ठेवा.

राजारामपुरीहून
माहेर बेळगाव. एप्रिल 2020 मध्ये बाळंत झाले तेव्हा कोगनोळीला सीमा बंद, आई येऊ शकली नाही. शेक-मालिशवाली बाईही नाही. पहिले काही दिवस रडू येतंच, पण माझं दीड महिना झाला तरी थांबेना. बाळाचं वजन करायला आलेल्या आशाताईंनी बाळ झोपल्यावर तरी मला झोप लागते का, असं विचारलं. मी नाही म्हटल्यावर माझ्यासमोरच नवऱ्याला डॉक्टरांचं नाव लिहून दिलं. गोळ्या घेतल्या. हे मी आजवर सासरी सांगितलेलं नाही, इथं सांगते.

प्रयाग चिखलीहून
तुमचं दार लावणं वाचून हसू आलं ताई. जुलै 2021 ला पंचगंगेनं राजाराम बंधाऱ्यावर 43 फुटांची धोक्याची पातळी ओलांडली, तवा आम्ही जनावरं घेऊन सोनतळीला. 2019 चा पूर बघितलेला, म्हणून आधीच निघालो. एका खोलीत चार घरं, त्यात कोरोना. कोण खोकलं की सगळे त्याच्याकडं बघायचे. पोरं रात्रभर किरकिर करायची. मग आम्ही बायकांनी पाळी लावली. एकीनं सगळ्यांची पोरं बघायची, बाकीच्यांनी झोपायचं. बाळ झाल्यापासून मी पहिल्यांदा तिथं सलग झोपलो.

*(धागा काढणारी)* चार घरची पोरं एकीकडे? रडली नाहीत?

प्रयाग चिखलीहून
रडली की. जिची पाळी तिनं बघायचं, बाकीच्यांनी डोळे उघडायचे न्हाईत, असं ठरलंच होतं. माझ्या सासूनं दोनदा हाक मारली, मी उठलो न्हाई.