साठ बाटल्यांच्या संग्रहासाठी वाइन फ्रिज निवडताना काय पाहावे?

प्रश्न

गेल्या सहा-सात वर्षांत हळूहळू जमवलेल्या वाइनच्या माझ्याकडे आता साठच्या आसपास बाटल्या झाल्या आहेत. त्यांपैकी निम्म्या येत्या वर्षभरात उघडल्या जातील. उरलेल्या निम्म्या मात्र पाच ते दहा वर्षे मुरू द्यायच्या आहेत. आजवर त्या सर्व घरातल्या त्यातल्या त्यात थंड खोलीत, एका बंद कपाटात आडव्या ठेवल्या होत्या. गेल्या उन्हाळ्यात त्या खोलीचे तापमान 34 अंश सेल्सिअसपर्यंत गेले आणि दोन बाटल्यांची बुचे किंचित वर सरकून कडेने वाइन पाझरलेली दिसली. ते पाहून मन फार खट्टू झाले आणि आता खास वाइनसाठीचा फ्रिज घ्यायचा निर्णय पक्का केला आहे.

प्रत्यक्ष निवड करायला बसल्यावर मात्र गोंधळ उडाला. थर्मोइलेक्ट्रिक प्रकार आवाज करत नाही आणि त्याला हादरेही नसतात असे वाचले, म्हणून माझा कल तिकडे आहे. एकाच तापमानाचा फ्रिज घ्यावा की दोन विभागांचा, आणि साठ बाटल्यांसाठी नेमकी किती क्षमता धरावी, याबद्दल अनुभवी सदस्यांनी सविस्तर लिहावे, ही विनंती.

प्रतिसाद 1

सर्वप्रथम त्या दोन बाटल्यांविषयी. उष्णतेने वाइन प्रसरण पावते, बुचाखालची थोडीशी मोकळी जागा अपुरी पडते आणि दाबामुळे बूच वर ढकलले जाते. पुढे तापमान उतरले की वाइन आकसते आणि त्याच वाटेने बाहेरची हवा आत ओढली जाते. त्यामुळे या दोन बाटल्या मुरवण्याच्या यादीतून काढून लवकर उघडाव्यात. बाकीच्या बाटल्यांचे बूच बाटलीच्या तोंडाशी समतल आहे का आणि वाइनची पातळी उतरलेली नाही ना, हेही उजेडात धरून एकदा पाहून घ्यावे.

आता मुख्य मुद्दा. आपल्या खोलीत उन्हाळ्यात 34 अंश होत असतील, तर थर्मोइलेक्ट्रिक फ्रिजचा विचार सोडून द्यावा, असे माझे स्पष्ट मत आहे. हे तंत्र 1834 मध्ये पेल्टिए या फ्रेंच शास्त्रज्ञाने नोंदवलेल्या परिणामावर चालते: दोन भिन्न वाहकांच्या सांध्यातून वीज वाहू लागली की एक बाजू थंड होते आणि दुसरी तापते. कॉम्प्रेसर नसल्यामुळे हादरे जवळपास नसतात, हे खरे आहे. परंतु असा फ्रिज बाहेरच्या हवेपेक्षा साधारण 10 ते 14 अंशच खाली जाऊ शकतो. म्हणजे ज्या महिन्यांत आपल्याला त्याची सर्वाधिक गरज आहे, नेमक्या त्याच महिन्यांत आतले तापमान 20 ते 24 अंशांवर अडकून राहील, शिवाय तो क्षणभरही न थांबता चालू राहून वीज खाईल. वर्षभर 20-22 अंशांवर राहणाऱ्या खोलीत आणि दहा-बारा बाटल्यांसाठी तो उत्तम आहे. आपल्या गरजेला तो पुरणार नाही.

कॉम्प्रेसरचा फ्रिज घेतानाही त्याच्या माहितीपट्टीवरील हवामान वर्ग अवश्य पाहावा, कारण बहुतेक ग्राहक ही छोटीशी अक्षरे वाचतच नाहीत. ‘एन’ वर्गाचे यंत्र 16 ते 32 अंशांच्या खोलीसाठी बनवलेले असते, ‘एसटी’ वर्गाचे 38 अंशांपर्यंत आणि ‘टी’ वर्गाचे 43 अंशांपर्यंत. आपण ‘एसटी’च्या खाली उतरू नये, ‘टी’ मिळाल्यास अधिक चांगले. याउलट हिवाळ्यात ज्यांची खोली 10 अंशांच्याही खाली जाते, त्यांना आत तापवण्याची सोय असलेला फ्रिज लागतो, कारण साधे यंत्र केवळ थंड करू शकते.

प्रतिसाद 2

क्षमतेबद्दल थोडेसे. जाहिरातीत लिहिलेला बाटल्यांचा आकडा हा जवळपास नेहमी बोर्दो पद्धतीच्या, सरळ खांद्यांच्या 750 मिलिलिटर बाटल्या धरून काढलेला असतो. अशा बाटलीचा व्यास साधारण साडेसात सेंटिमीटर असतो. बर्गंडीच्या उतरत्या खांद्यांच्या बाटल्या आणि शॅम्पेनच्या जाड काचेच्या बाटल्या याहून रुंद असल्याने त्या एका फळीवर कमी बसतात आणि वरच्या फळीला घासतात. संग्रह मिश्र असेल, तर लिहिलेल्या आकड्यातून पाव भाग वजा करूनच हिशेब मांडावा.

संग्रह सहसा वाढतच जातो, म्हणून साठ बाटल्यांसाठी मी शंभरच्या आसपासचा फ्रिज सुचवेन. मात्र भरलेली बाटली सव्वा ते दीड किलो भरते; शंभर बाटल्या म्हणजे फ्रिजचे स्वतःचे वजन सोडूनही सव्वाशे ते दीडशे किलो. जमीन सपाट आणि मजबूत आहे ना, हे आधी पाहावे. फळ्या रुळांवरून पूर्ण बाहेर येतात का, हे भरलेल्या फळीवर तपासावे. रिकामी फळी कोणत्याही यंत्रात सहज सरकते.

प्रतिसाद 3

दोन विभागांच्या फ्रिजबद्दल एक गैरसमज वारंवार दिसतो, तो म्हणजे लाल आणि पांढरी वाइन वेगवेगळ्या तापमानात साठवावी लागते. साठवणुकीसाठी तसे मुळीच नाही. लाल, पांढरी, गुलाबी, फसफसणारी, सर्वच वाइन 12 ते 13 अंशांवर उत्तम मुरते. वेगवेगळे तापमान लागते ते पेल्यात ओतताना. त्यामुळे एकाच विभागाचा, साधा आणि भक्कम बांधणीचा फ्रिज घ्यावा. पांढरी वाइन पिण्याआधी तासभर घरच्या फ्रिजमध्ये ठेवावी आणि लाल वाइन अर्धा तास आधी बाहेर काढावी. यंत्रात जितके भाग अधिक, तितक्या बिघडण्याच्या जागा अधिक.

आणखी एक गोष्ट तितक्याच कळकळीने सांगावीशी वाटते. आकडा 12 असावा की 14, यावर लोक वाद घालत बसतात, परंतु वाइनला खरा त्रास होतो तो तापमानाच्या चढउताराचा. वर्षभर न हलणारे 15 अंश हे रोज 10 ते 18 दरम्यान हेलकावणाऱ्या तापमानापेक्षा केव्हाही बरे.

प्रतिसाद 4

वरील प्रतिसादाशी बहुतांशी सहमत आहे, पण एक बाजू मांडतो. प्रश्नकर्त्यांच्या निम्म्या बाटल्या वर्षभरात उघडल्या जाणार आहेत. अशा वेळी एक लहान विभाग 8 अंशांवर ठेवला, तर पांढरी वाइन केव्हाही पिण्याजोगी तयार मिळते. माझ्याकडे असा फ्रिज आहे आणि ती सोय मला मोलाची वाटते. तोटा असा की, दोन्ही विभागांची जागा ठरलेली असते. लाल वाइन वाढली आणि पांढरी संपली, तर थंड विभाग रिकामा पडून राहतो.

प्रश्नकर्ता

सर्वांचे मनःपूर्वक आभार. कॉम्प्रेसरचा, एकाच विभागाचा आणि शंभर बाटल्यांच्या आसपासचा, हे आता निश्चित झाले. दोन शंका उरल्या आहेत. हा फ्रिज स्वयंपाकघराच्या ओट्याखालील कपाटांच्या रांगेत बसवता येईल का? आणि कॉम्प्रेसरच्या हादऱ्यांनी दहा वर्षे मुरणाऱ्या वाइनचे नुकसान होणार नाही ना?

प्रतिसाद 5

शंभर बाटल्यांचा फ्रिज ओट्याखाली मावणार नाही, त्याला पूर्ण उंचीची जागा लागेल. पण उंची कितीही असो, खरा प्रश्न उष्णता कोठून बाहेर पडते हा आहे. कपाटांच्या रांगेत बसवायच्या फ्रिजची गरम हवा तळाशी असलेल्या पुढच्या जाळीतून बाहेर पडते. सुट्या उभ्या राहणाऱ्या फ्रिजची मागून किंवा बाजूंनी. दुसऱ्या प्रकारचा फ्रिज कोंदट खाचेत ढकलला, तर कॉम्प्रेसर सतत चालतो आणि लवकर निकामी होतो. माझा पहिला फ्रिज मी याच चुकीने दोन वर्षांत गमावला. शिवाय शेगडीच्या शेजारची जागा वाइनला कधीच योग्य नाही. आपले जुने कपाट ज्या खोलीत होते, तीच जागा मी निवडेन.

हादऱ्यांची फार धास्ती घेऊ नये. कॉम्प्रेसर रबरी पायांवर बसवलेला असेल आणि फळ्या लाकडी असतील, तर बाटलीपर्यंत फारच थोडे कंपन पोहोचते. तळाशी गाळ साठलेल्या जुन्या बाटल्या कॉम्प्रेसरपासून दूर, वरच्या फळ्यांवर ठेवाव्यात आणि विनाकारण हलवू नयेत. उजेडाची काळजी मात्र जास्त घ्यावी. अतिनील आणि निळ्या प्रकाशामुळे वाइनमधील रायबोफ्लेविन (ब-2 जीवनसत्त्व) उत्तेजित होते, त्यातून गंधकयुक्त संयुगे तयार होतात आणि शिजलेल्या कोबीसारखा वास येतो. पारदर्शक बाटल्यांत हे सर्वांत लवकर घडते. म्हणून भरीव दार घ्यावे, किंवा काचच हवी असेल तर अतिनील किरण अडवणारी दुहेरी काच घ्यावी आणि आतला दिवा एरवी बंद ठेवावा.

फ्रिज घरी आल्यावर तो एक दिवस उभा ठेवून मगच चालू करावा, म्हणजे वाहतुकीत सरकलेले कॉम्प्रेसरचे तेल जागेवर येते. पडद्यावर दिसणारा आकडा हवेचा असतो आणि तो कॉम्प्रेसरच्या चालण्या-थांबण्यासोबत वरखाली होतो. बाटलीतील द्रवाचे तापमान कळण्यासाठी पाण्याने भरलेल्या बाटलीत तापमापी बुडवून ती वरच्या आणि खालच्या फळीवर प्रत्येकी एक दिवस ठेवावी. वीज जाऊन परत आल्यावर आपण ठरवलेले तापमान यंत्राच्या लक्षात राहते का, हेही पहिल्याच आठवड्यात प्लग काढून तपासावे, कारण काही यंत्रे अशा वेळी कारखान्यात ठरवलेल्या आकड्यावर परत जातात. हे सर्व समाधानकारक आढळल्यावरच मुरवायच्या बाटल्या आत ठेवाव्यात.